घाट, सायकल आणि नववीचं विज्ञान

नववीच्या विज्ञानातला ‘कार्य आणि ऊर्जा’ हा पाठ तुम्ही वाचलाच असेल. आज तोच पाठ सायकलवर बसून शिकूया.

समजा, तुम्हाला ‘ब्रेव्हे’ करायची आहे. ही शर्यत नाही, यात पहिला-दुसरा नंबर नसतो. फक्त 200 किलोमीटर अंतर 13 तास 30 मिनिटांच्या आत पूर्ण करायचं. सरावासाठी वर्ध्याहून निघालात. आंजी, खरांगणा, मग आर्वी, पुढे तळेगाव (श्यामजीपंत). तिथून कारंज्याकडे वळलात की सत्याग्रही घाट. चढ दिसला की नवखा माणूस काय करतो? सीटवरून उठतो आणि जोर लावतो. वर पोहोचेपर्यंत पाय लटपटायला लागतात.

का बरं? गणित करून बघू. सायकलस्वार 60 किलो, सायकल 15, पाणी-सामान 5, एकूण 80 किलो. चढाची उंची सोयीसाठी 100 मीटर धरा. मग कार्य = 80 × 9.8 × 100 = 78,400 ज्यूल. आपलं शरीर अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा भागच पायडलपर्यंत पोहोचवतं, म्हणजे खर्च चौपट धरा. तरी तो 75 किलोकॅलरीच्या आसपास येतो. एक केळं! एवढ्यासाठी कोणी थकत नाही.

थकवते ती शक्ती, म्हणजे कार्य करण्याचा दर. हाच चढ 5 मिनिटांत चढलात तर सुमारे 261 वॅट लागतात, 10 मिनिटांत चढलात तर 131. (वारा आणि रस्त्याचं घर्षण वेगळं.) कार्य तेवढंच, पण पायांवरचा ताण दुप्पट. म्हणून चढ सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर टाका, चेनवर जोर आल्यावर नको. सोबत्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढाच वेग ठेवा. सायकलला गिअर नाहीत? मग उतरून ढकलत चला. त्यात लाज कसली? उंची तीच, कार्यही तेवढंच, फक्त सावकाश.

“पण वेळ जातो ना सर! तो उतारावर भरून काढू.” इथेच बहुतेकांची फसगत होते. 10 किमी चढ ताशी 10 किमी वेगाने चढलात आणि 10 किमी उतार ताशी 30 ने उतरलात, तर सरासरी किती? 20 नाही. चढाला 60 मिनिटं, उताराला 20. म्हणजे 80 मिनिटांत 20 किमी, सरासरी फक्त 15. या सरासरीने 200 किमीला 13 तास 20 मिनिटं लागतात. चहा, पंक्चर, लघवी, सगळ्याला मिळून उरतात 10 मिनिटं! तेव्हा वेळ वाचवायचा तो टपरीवर. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली. सुमारे 4,900 किमी, मुदत 12 दिवस. झोप धरून हिशेब केला तर ताशी 17 किमी पुरतात.

उतारावर एक गोष्ट विसरू नका. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, आणि ती सगळी ब्रेकला पचवावी लागते. सत्याग्रही घाट राष्ट्रीय महामार्गावर आहे, ट्रकांची वर्दळ असते. तिथे नागमोडी चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. हेल्मेट हवंच, आणि मोठं माणूस सोबत असल्याशिवाय जाऊ नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा हा सराव नकोच. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पीत राहा. हंगामात कारंजा-आर्वीकडची संत्री मिळतातच.

आता वही काढा. 12 किमी चढ ताशी 8 किमी वेगाने आणि तोच रस्ता उतरताना ताशी 36 ने. सरासरी वेग काढा. उत्तर 22 आलं असेल, तर पुन्हा सोडवा.