तबकडी वाचली जात नाहीं तेव्हां

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत एक विद्यार्थी आमच्याकडे एक सीडी घेऊन आला. तिच्यावर त्याच्या दिवंगत आजीनें म्हटलेल्या जात्यावरच्या अकरा ओव्या होत्या. घरच्या मंडळींनीं त्या सन २००६ मध्यें ध्वनिमुद्रित केल्या होत्या. दुसरी प्रत नव्हती. तबकडी संगणकांत घातली कीं ती फिरे, थांबे, पुन्हां फिरे, आणि शेवटीं "तबकडी घाला" अशी सूचना पडद्यावर उमटे. एका कारागिरानें "ड्राइव्ह गेला, नवा घ्या" असा निकालही देऊन टाकला होता. मुलाला चिंता यंत्राची नव्हती, आजीच्या आवाजाची होती. त्या दिवशीं ज्या क्रमानें आम्हीं दोषाचा शोध घेतला, तो विद्यार्थिमित्रांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथें देत आहों.

प्रथम हें यंत्र वाचतें कसें, तें पाहूं. सन १९८२ मध्यें बाजारांत आलेल्या सीडीचा व्यास १२ सेंटिमीटर असतो. तिच्यावर मध्याकडून कडेकडे फिरत जाणारी एकच रेषा असते. तिचे फेरे इतके दाट असतात कीं एका मिलिमीटरांत ६०० हून अधिक मावतात. सारी रेषा उलगडली तर ती ५ किलोमीटरांहूनही लांब भरेल. एक लहानसें भिंग लेझर किरण या रेषेवर एकवटतें, आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या कमीअधिकपणावरून यंत्र मजकूर जुळवितें. तेव्हां तबकडी चांगली हवी, भिंग स्वच्छ हवें आणि ड्राइव्हचा संगणकाशीं संबंध अखंड हवा. दोष या तिहींपैकीं कोठें आहे हें ठरविणें, एवढेंच आपलें काम. नियम एकच: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, दोन बदलल्या तर गुण कशानें आला हें कळत नाहीं.

पहिली परीक्षा अदलाबदलीची. निर्दोष ठरलेली तबकडी आपल्या ड्राइव्हमध्यें घालावी, आणि संशयित तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्यें. आम्हीं विकत घेतलेली गाण्यांची एक सीडी त्या मुलाच्या संगणकांत घातली. ती निर्वेध वाजली. म्हणजे ड्राइव्ह "गेलेला" नव्हता!

दोष तबकडींत असल्यास ती मऊ, किंचित ओलसर सुती कापडानें मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल पुसूं नये. रेषेला आडवा गेलेला ओरखडा प्रत्येक फेऱ्याचा थोडाच भाग खातो, आणि तेवढी उणीव यंत्र गणितानें भरून काढतें. या गणिताचा पाया रीड व सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनीं सन १९६० मध्यें घातला. रेषेच्याच दिशेनें जाणारा ओरखडा मात्र सलग मजकूर नष्ट करितो, व तेथें गणिताचाही उपाय चालत नाहीं.

सगळ्याच तबकड्या अडखळत असल्या तर भिंगावर धूळ असण्याचा संभव असतो. भिंग उघडें दिसत असल्यास संगणक बंद करून रबरी फुग्याच्या वाऱ्यानें ती उडवावी. बोटानें पुसूं नये. सीडी चालते पण डीव्हीडी चालत नाहीं, असें झाल्यास गोंधळून जाऊं नये. सीडीस ७८० नॅनोमीटरचा अदृश्य किरण लागतो, डीव्हीडीस ६५० नॅनोमीटरचा तांबडा. त्यांपैकीं एक क्षीण झाला तरी दुसरा टिकूं शकतो.

ड्राइव्हचें नांवच संगणकांत दिसत नसेल तर आधीं तारा नीट बसवून पाहाव्यात. तरीही न दिसल्यास संगणक सुरू होतांना येणाऱ्या बायोसच्या पडद्यावर शोधावें. तेथें आहे पण विंडोजमध्यें नाहीं, तर दोष बहुधा प्रणालीचा. डिव्हाइस मॅनेजरमधून ड्राइव्हची नोंद काढून संगणक पुन्हां सुरू केल्यास ती नव्यानें होते.

वाचणें चालतें पण लिहिणें चालत नाहीं, तेव्हां तबकडी कोरी आहे काय व ड्राइव्ह लिहिणारा आहे काय, हें आधीं पाहावें. लिहितांना किरण रंगद्रव्याच्या थरावर खुणा उमटवितो. त्यास वाचण्याहून पुष्कळ अधिक शक्ति लागते. म्हणून वेग कमी ठेवावा, दुसऱ्या कंपनीची तबकडी वापरून पाहावी, आणि लिहून झाल्यावर मजकूर पडताळून घ्यावा.

आतां त्या ओव्यांचें काय झालें? तबकडी पुसून आम्हीं ती दुसऱ्या ड्राइव्हमध्यें घातली. यंत्रानें अडखळत कां होईना, पण पहिल्या नऊ ओव्या दिल्या. शेवटच्या दोन कांहीं केल्या मिळाल्या नाहींत. तबकडी उलटून पाहतों तों वरच्या बाजूस, कडेजवळ, बॉलपेनानें दाबून आजीचें नांव लिहिलेलें! सीडीचा माहितीचा थर याच बाजूस, पातळ लेपाखालीं असतो, आणि भरलेल्या तबकडीचा शेवट कडेजवळ येतो. प्रेमानें लिहिलेल्या त्या अक्षरांनींच दोन ओव्या पुसून टाकिल्या होत्या.

उरलेल्या नऊंच्या प्रती आम्हीं त्याच दिवशीं दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेविल्या. वाचकांनींही आपल्या घरचीं कपाटें आजच पाहावींत. यंत्र बिघडलें तर दुसरें आणतां येतें. एकुलती एक प्रत गेली तर तो आवाज पुन्हां ऐकूं येत नाहीं.