महागडं ऑइल घातलं की इंजिन जास्त टिकतं का?

प्रश्न : पर्यटकांना भंडारदऱ्याहून रतनवाडी, साम्रद, घाटघरला नेणारी बीएस-३ डिझेल जीप ही माझी रोजीरोटी आहे. गॅरेजवाले म्हणतात, सिंथेटिक ऑइल घाला, इंजिन दुप्पट टिकेल. पण त्याचा डबा फार महाग पडतो. साधं ऑइल वापरून मी इंजिनाचं नुकसान करतोय का? आणि जीपचं उरलेलं ऑइल मोटारसायकलला चालेल का?
– एक वाचक, शेंडी (ता. अकोले)

उत्तर : गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचं साधं ऑइल तुम्ही वेळेवर बदलत असाल, तर नुकसान मुळीच होत नाही. आणि ‘दुप्पट टिकेल’ अशी हमी कुठल्याच ऑइलबद्दल देता येत नाही.

साधं ऑइल कच्चं तेल शुद्ध करून मिळतं, त्यात लहानमोठे रेणू एकत्र असतात. सिंथेटिकचे रेणू रासायनिक प्रक्रियेने बरेचसे एकसारखे केलेले असतात. त्यामुळे ते थंडीत लवकर वाहतं, तापल्यावर कमी उडतं आणि त्यात गाळ उशिरा धरतो. हे फायदे खरे आहेत. तुम्हाला त्यांतले किती लागतात, ते पाहू.

थंडीचा फायदा तुमच्या फारसा कामाचा नाही. जुन्या डिझेल गाड्यांना सहसा १५डब्ल्यू-४० ऑइल सांगितलेलं असतं. त्यातल्या १५डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे २० अंशांना होते. भंडारदऱ्याची पहाट कितीही बोचरी असली तरी पारा तिथवर उतरत नाही.

उष्णतेचं मात्र वेगळं आहे. भरलेली जीप घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढते. मेअखेरीस काजवे पाहायला गर्दी लोटली की गाड्या रांगेत तासन्‌तास रखडतात. किलोमीटर वाढत नाहीत, पण इंजिन चालूच असतं. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यांची धूळ, पावसाळ्यात ओल. पुस्तिकेत अशा वापरासाठी ‘कठीण वापर’ म्हणून ऑइल बदलण्याचा वेगळा अवधी दिलेला असतो, बऱ्याचदा नेहमीच्या निम्मा. तुम्ही तोच पाळा. ऑइलमधली इंजिन साफ ठेवणारी आणि झीज रोखणारी रसायनं दोन्ही प्रकारांत वापराने संपतात, काजळी आणि धूळही दोन्हींत साठते. म्हणून वेळेवर बदललेलं साधं ऑइल हे लांबवत नेलेल्या सिंथेटिकपेक्षा केव्हाही चांगलं.

डिपस्टिक पाहायची सवय लावून घ्या. गाडी सपाटीला उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. कांडी पुसून पुन्हा घाला आणि काढा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. डिझेल गाडीत ऑइल काळं दिसलं तर घाबरू नका, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. पण ते दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, आणि पातळी आपोआप वाढली तर डिझेल मिसळत असण्याची शक्यता आहे. दोन्ही वेळा गाडी तशीच दामटू नका, गॅरेज गाठा. टर्बो असेल तर चढ संपताच इंजिन बंद न करता ते एक-दोन मिनिटं तसंच चालू ठेवा. टर्बोच्या बेअरिंगला ऑइलच थंड ठेवतं.

सिंथेटिक कुणी वापरावं? पुस्तिकेत तेच सांगितलं असेल, त्याने. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांपैकी अनेकींच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. त्यांना कमी राख सोडणारं ऑइल लागतं, आणि ते बहुधा सिंथेटिकच असतं. उद्या तशी गाडी घेतलीत, तर तिथे पैसे वाचवू नका.

मोटारसायकलला जीपचं ऑइल घालू नका. तिचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये फिरतो आणि चुकीच्या ऑइलने तो घसरू शकतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेलं, पुस्तिकेतल्या ग्रेडचं ऑइल घ्या.

थोडक्यात, तुमच्या जीपला चांगलं साधं ऑइल पुरे आहे. प्रत्येक बदलाच्या वेळी नवा ऑइल फिल्टर बसवा, एअर फिल्टर उन्हाळ्यात वरचेवर पाहा आणि बदलाची तारीख व किलोमीटर चिठ्ठीवर लिहून बॉनेटखाली चिकटवा. डब्यामागे वाचलेले पैसे या फिल्टरांवर खर्च करा; इंजिनाचं आयुष्य त्यानेच वाढेल.