मेगर ओके म्हणजे मोटर ओके? रिवाइंडिंगवाल्यांनी आधी हे वाचा

व्हिडिओत आपण कॉइल भरणं बघितलं. आज पुढचा भाग: वाइंडिंगचं इन्सुलेशन चांगलं की वाईट, हे तपासून कसं ठरवायचं. गॅरंटी तुम्ही देणार. मोटर महिन्याभरात परत आली तर तांब्याची तार, वार्निश, मजुरी सगळं तुमच्या खिशातून जातं आणि काढलेली तार भंगाराच्या भावाने विकावी लागते.

स्टेटरमध्ये इन्सुलेशन तीन ठिकाणी असतं. तार आणि बॉडीच्या मध्ये, दोन फेजच्या मध्ये, आणि एकाच कॉइलच्या दोन टर्नच्या मध्ये, म्हणजे तारेवरचं इनॅमल. मेगर पहिल्या दोन ठिकाणचं सांगतो. तिसऱ्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. नवीन दुकानदार इथेच फसतात. २०० मेगाओहम दिसले की मोटर गाडीत चढवून मोकळे.

आधी मेगरचं बघू. ४१५ व्होल्टच्या मोटरला ५०० व्होल्ट डीसीचा मेगर पुरतो. सप्लाय बंद, स्टार्टरच्या वायरी मोकळ्या, टर्मिनलच्या पट्ट्या काढलेल्या. प्रत्येक फेज बॉडीशी, मग फेज एकमेकांशी. बटण दाबलं, आकडा बघितला, सोडलं, असं करू नका. पूर्ण १ मिनिट धरा. ३० सेकंदांचा आकडा लिहा, ६० सेकंदांचा लिहा. चांगल्या कोरड्या वाइंडिंगमध्ये आकडा चढत जातो. जागेवरच बसला किंवा खाली आला तर ओल किंवा घाण समजा. अशा मोटरला किमान ५ मेगाओहम हवेत, तेही ४० अंश तापमानाला धरून. तापमान १० अंशांनी वाढलं की आकडा साधारण निम्मा होतो. त्यामुळे गरम मोटरचे ५ आणि सकाळच्या थंड मोटरचे ५ सारखे नाहीत. थंड मोटरला ५ म्हणजे काळजीचं. टेस्ट झाल्यावर वाइंडिंग बॉडीला जोडून डिस्चार्ज करा, मगच हात लावा.

आता कमी आकडा आला म्हणजे मोटर गेली का? नाही. पावसाळ्यात बंद पडून राहिलेली पाण्याची मोटर अर्धा-पाऊण मेगाओहम दाखवू शकते. इथे गिऱ्हाइकाला लगेच "रिवाइंडिंग करावं लागेल" सांगणारे बरेच आहेत. तुम्ही तसं करू नका. रोटर काढा, धूळ-तेल साफ करा, स्टेटर ८०-९० अंशांवर काही तास वाळवा. तापताना आकडा आधी आणखी खाली येतो (गिऱ्हाईक शेजारी उभं असेल तर हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर घाबरतं), मग चढायला लागतो. थंड झाल्यावर परत मोजा. तरीही खालीच राहिला, तर स्लॉटमधलं इन्सुलेशन गेलं, मग रिवाइंडिंगचं बोला. वाळवण्याचे पैसे रिवाइंडिंगपेक्षा कितीतरी कमी मिळतात, हे खरं. पण तोच शेतकरी पुढच्या वेळी खरोखर जळलेली मोटर घेऊन तुमच्याकडेच येतो.

टर्न शॉर्ट पकडायला खरं हत्यार म्हणजे सर्ज टेस्टर. तो कॉइलला झटक्याने व्होल्टेज देतो आणि स्क्रीनवर लाट दाखवतो. तिन्ही फेजच्या लाटा एकमेकींवर बसल्या तर ठीक. एक सरकली तर त्या फेजमध्ये गडबड. मशीन महाग आहे, पहिल्याच वर्षी कर्ज काढून घेऊ नका. तोपर्यंत मिली-ओहम मीटरने तिन्ही फेजचा रेझिस्टन्स जुळवा. पण एखादाच टर्न शॉर्ट असेल तर त्यात फरक जवळजवळ दिसत नाही, म्हणून मोटर रिकामी चालवून क्लॅम्प मीटरने तिन्ही करंट बघा. एक जास्त आला तर तिन्ही सप्लाय वायरी एक-एक घर पुढे सरकवा, म्हणजे फिरण्याची दिशा तीच राहील. जास्त करंट वायरीबरोबर सरकला तर दोष सप्लायचा, टर्मिनलवरच राहिला तर वाइंडिंगचा.

हाय व्होल्टेज टेस्टबद्दल थोडक्यात. नव्या वाइंडिंगला दुप्पट व्होल्टेज अधिक १०००, म्हणजे ४१५ च्या मोटरला १८३० व्होल्ट एसी, १ मिनिट. ही फक्त पास-नापास टेस्ट आहे आणि वारंवार केली तर चांगलं इन्सुलेशनही थकतं.

मेगर आणि रेझिस्टन्स या दोन्ही टेस्ट वार्निश टाकण्याआधी एकदा करा, भट्टीतून काढून थंड झाल्यावर परत करा. वार्निशआधी दोष सापडला तर एक कॉइल बदलून भागतं. नंतर सापडला तर अख्खं वाइंडिंग कापावं लागतं. आणि प्रत्येक मोटरचे आकडे, तारीख, तापमान एका वहीत लिहा, बिलावरही टाका. गिऱ्हाइकाने सिंगल फेजवर चालवून मोटर जाळली आणि "तुमचंच काम कच्चं" म्हणत आला, तर ती वही उघडून त्याच्यासमोर ठेवता येते.