सगळं नको गं, एकच धर

अगं, तुझ्या संस्थेचा तीन वर्षांचा आराखडा रात्री वाचून काढला. मन लावून लिहिलायस, ते पानोपानी दिसतं. पण सिकलसेलची तपासणी शिबिरं, रक्तदान, शाळांत व्याख्यानं, शिवाय अपंगत्वाचे दाखले, हे सगळं करणार कोण? तू आणि दोन कार्यकर्ते. राग मानू नकोस, यातलं एकच काम धर.

तपासणी तर सोडूनच दे. जुलै २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल अभियान सुरू आहे. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य त्यांनी ठेवलं. तिथे आपण कुठे पुरणार? तपासणीनंतर हातात सिकलसेलचं कार्ड आलेल्या पोराचं पुढे काय होतं, ते बघ. हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज पोटात गेली तरच दुखण्याचे झटके कमी होतात. आई मजुरी बुडवून पोराला आरोग्य केंद्रात आणते आणि खिडकीवर ऐकते, ‘गोळ्या संपल्यात, पुढच्या आठवड्यात या.’ पुढच्या आठवड्यात ती येईलच असं नाही गं.

म्हणून मागणी एवढीच ठेव: तालुक्यातल्या एकाही केंद्रात ही गोळी संपता कामा नये. आधी एक वही सुरू कर. कुठलं केंद्र, कुठली तारीख, किती जण रिकाम्या हाती परतले, एवढंच लिही. रुग्णाचं नाव मात्र त्या वहीत नको. गडचिरोलीत बंग दांपत्याने गावोगावच्या बाळांचे मृत्यू आधी नीट मोजले, मग घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन ते कमी करून दाखवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं, आणि २०११ पासून आशाताईंच्या घरभेटी देशभराच्या कार्यक्रमात आल्या. आकडा हातात असला की साहेबांना टाळता येत नाही.

साहेब कोण, तेही नावानिशी लिहून ठेव. प्राथमिक केंद्रांसाठी जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा रुग्णालयासाठी शल्यचिकित्सक. एकाचं निवेदन दुसऱ्याच्या टेबलावर पडलं की महिने जातात. आणि मार्चमध्ये जाऊ नकोस, तेव्हा सगळे खर्चाचा मेळ घालण्यात बुडालेले असतात. दिवाळीनंतर पुढच्या वर्षाची मागणी तयार होऊ लागते, तेव्हा वही घेऊन बस.

दाखल्यांचं मला कळतं. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात सिकलसेल आहे, आणि लोक तेच आधी मागतात. ते दुसऱ्या वर्षी घे, तोवर आलेल्याला अर्ज भरून दे.

पैशाचं मात्र मला खरंच भय वाटतं. एकाच कंपनीच्या निधीवर सगळे पगार चाललेत. त्यांना शिबिराचे फोटो हवे असतात, वहीचा फोटो काय निघणार? सहा महिन्यांचे पगार बाजूला पडेपर्यंत नवा माणूस घेऊ नकोस. आणि विश्वस्त मंडळात डॉक्टर-वकील भरपूर झाले. पुढची जागा निघाली की रोज ती गोळी घेणाऱ्या कुणाला तरी घे, आणि बैठक बाजाराच्या दिवशी ठेव, म्हणजे त्यांना वेगळा खाडा पडणार नाही.