वकिलीतून राज्यपालपदाकडे

राज्यपालपदासाठी परीक्षा नसते आणि अर्जही मागवले जात नाहीत. राष्ट्रपती ही नियुक्ती करतात. घटनेच्या कलम १५७ नुसार पात्रतेच्या अटी दोनच: भारताचे नागरिकत्व आणि वयाची ३५ वर्षे पूर्ण. कायद्याची पदवी सक्तीची नाही, तरी कायदा शिकलेली माणसे या पदावर दोन वाटांनी पोहोचली आहेत.

पहिली वाट न्यायासनाची. सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश फातिमा बीवी १९९७ मध्ये तमिळनाडूच्या राज्यपाल झाल्या. माजी सरन्यायाधीश पी. सदाशिवम यांना २०१४ मध्ये केरळ मिळाले.

दुसरी वाट वकिली आणि सार्वजनिक जीवनाची. तिचे ठळक उदाहरण खानदेशातलेच आहे. जळगाव जिल्ह्यातील नाडगाव येथे १९३४ मध्ये जन्मलेल्या प्रतिभा पाटील यांनी जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयातून एम. ए. आणि मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून कायद्याची पदवी घेतली. जळगाव जिल्हा न्यायालयात त्यांनी वकिली केली. १९६२ मध्ये त्या जळगावातून आमदार झाल्या. पुढे एदलाबादमधून सलग निवडून आल्या, मंत्रिपदे सांभाळली, राज्यसभेच्या उपसभापती झाल्या. नोव्हेंबर २००४ मध्ये त्या राजस्थानच्या पहिल्या महिला राज्यपाल झाल्या आणि २००७ मध्ये राष्ट्रपती. पहिल्या आमदारकीपासून राजभवनापर्यंत ४२ वर्षे गेली.

म्हणून आखणी राज्यपालपदाची नव्हे, कायद्याच्या व्यवसायाची करावी. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. कला, वाणिज्य, विज्ञान असा भेद नाही. राज्यातील प्रवेश सीईटीने, तर राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे बहुतांश प्रवेश क्लॅटने होतात. विधी महाविद्यालये जळगाव आणि धुळे दोन्ही शहरांत असल्याने घरी राहूनही शिकता येते.

पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे सनद घ्यावी लागते आणि अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. सुरुवातीची काही वर्षे ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली जातात. त्या काळात मिळकत तुटपुंजी असते, हे पालकांनी आधीच हिशेबात धरावे.

न्यायाधीश व्हायचे असेल, तर दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदाच्या परीक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालानुसार किमान तीन वर्षांची वकिली लागते. थेट जिल्हा न्यायाधीशपदासाठी सात आणि वकिलांमधून उच्च न्यायालयात नियुक्तीसाठी किमान दहा वर्षांचा अनुभव आवश्यक असतो.