शेवटची आंघोळ

पश्चिम आफ्रिकेत गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन असे तीन देश आहेत. २०१४ साली तेथे इबोला तापाची मोठी साथ आली. ११,०००च्या वर माणसे दगावली.

हा ताप हवेतून पसरत नाही. रोग्याचे रक्त, ओकारी, जुलाब अंगाला लागले की जडतो. मेलेल्या माणसाच्या अंगातही रोगजंतू राहतात. तिकडे मयताला घरच्यांनीच आंघोळ घालायची रीत. आपल्याकडेही आहेच की! लोकांनी मायेने हात लावले आणि दोन-तीन आठवड्यांत तेही अंथरुणाला खिळले.

मग सरकारी माणसे मयत उचलून नेऊ लागली. घरच्यांना तोंडसुद्धा दिसेना. लोक घाबरले. रोगी लपवू लागले. साथ आणखी वाढली.

पुढे गावच्या जाणत्यांना आणि धर्मगुरूंना विचारले गेले. प्रार्थना करा, समोर उभे राहा, फक्त हात लावू नका, असे ठरले. लोकांना ते पटले. दवाखानेही वाढले. २०१६ साली साथ संपली.

मंडळी, आम्ही इतकेच सांगतो. गावात साथ आली तर रोगी लपवू नका. दवाखान्यात कळवा. कोणती रीत कशी पाळायची, ते डॉक्टरांना विचारून सर्वांनी मिळून ठरवा.