फॅक्स मोडीत काढण्याआधी

ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीडमध्ये जाळपोळ झाली, संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद झालं. नेमके त्याच दिवसांत बीडचे माझे मामा आमच्याकडे विष्णुपुरीत होते आणि त्यांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी आधी विचारलं, "जुना ईसीजी आहे का?" फाइल बीडला, मामींजवळ. मामींशी बोलणं होत होतं, पण मोबाइलवर काढलेला फोटो काही येईना.

इंजिनिअरिंग कॉलेजजवळच्या एका झेरॉक्सवाल्याने लँडलाइन आणि फॅक्स अजून चालू ठेवला होता. मामींच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडेही होता. फॅक्स अख्खा कागद ओळीओळीने वाचून त्याचा आवाज करतो आणि तो टेलिफोनच्या तारेवरून धाडतो. त्याला नेट लागत नाही. ईसीजीचे चौकोन काळपट आले, पण रेघ स्वच्छ वाचता येत होती. डॉक्टरांनी ती नव्या पट्टीशेजारी धरली आणि कोणता बदल जुना, कोणता आजचा, हे त्यांना तिथल्या तिथे कळलं. सोबत पाठवलेल्या डिस्चार्ज कार्डावर मात्र मामींनी काळजीपोटी एका गोळीच्या नावावर हायलायटर फिरवला होता. तिथे नुसता काळा पट्टा उमटला! ते नाव फोनवर एकेक अक्षर विचारून घ्यावं लागलं.

म्हणून सांगतो, फॅक्स करायच्या कागदावर हायलायटर अजिबात नको. पाठवताना 'फाइन' निवडा. औषधाचं प्रमाण अक्षरी लिहा, कारण 2.5 मधलं टिंब सहज हरवतं आणि वाचणारा 25 वाचतो. गुळगुळीत थर्मल कागदावर आलेल्या फॅक्सची लगेच झेरॉक्स काढा, उन्हात आणि उष्णतेत तो खराब होतो.

यंत्राने 'ओके'ची पावती दिली की तिच्यावर तारीख, वेळ आणि नंबर असतो. ती जपून ठेवा. पण कागद पलीकडच्या यंत्राने घेतला, एवढंच ती सांगते. माणसाने तो हातात घेतला की नाही, हे फोन करूनच विचारायचं. 21 नोव्हेंबर 2018 ला जम्मू-काश्मीरमध्ये मेहबूबा मुफ्तींचं सरकार स्थापनेचं पत्र राजभवनाच्या फॅक्सवर गेलंच नाही आणि त्याच रात्री विधानसभा विसर्जित झाली. ईदची सुट्टी होती, तिथे कुणी नव्हतं, असं राज्यपालांनी नंतर सांगितलं.

आपल्या भागातले दवाखाने, औषधाची दुकानं, वकिलांची ऑफिसं यांना माझी कळकळीची विनंती आहे, चालू फॅक्स भंगारात देऊ नका. तांब्याची जुनी तार काढून फायबर घेणार असाल, तर त्यावर फॅक्स नीट जातो का, हे आधी एक पान पाठवून बघा. फायबरवरचा फोन इंटरनेटच्याच वाटेने जातो, तिथे फॅक्स मध्येच तुटू शकतो. शिवाय यंत्राला वीज लागते, तेव्हा इन्व्हर्टरचा एक प्लग त्याच्यासाठी राखून ठेवा.